ही कुणाची फी?

घरपट्टीवरच्या सवलतीची मुदत संपायला तीन दिवस उरले होते, म्हणजे रांगेत उभं राहायला वर्षातले सगळ्यात वाईट दिवस. ऑनलाइन भरता येते हे मला माहीत आहे, बायकोनेही सकाळी तेच ऐकवलं होतं. पण बिलावर अजून वडिलांचं नाव आहे, ते बदलायचा अर्ज द्यायचा होता, म्हणून गेलो. माझ्या पुढे एक आजोबा होते. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत जुन्या पावत्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा. त्यांनी बिल खिडकीतून आत सरकवलं तेव्हा दिसलं, की एका ओळीखाली लाल रिफिलने दोनदा रेघ मारलेली आहे. वृक्ष कर, अग्निशमन कर, मलनिस्सारण असल्या गर्दीत ती ओळ होती : शिक्षण कर. “ही कुणाची फी हो?” आजोबांनी विचारलं. खिडकीतली मुलगी पंचविशीची असेल. “आजोबा, ते बिलात येतंच.” “येतं ते दिसतंय मला. कुणाची ते विचारतोय.” मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी “आवरा हो लवकर” म्हणालं. मुलीने क्षणभर त्या ओळीकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. “सगळ्यांची,” असं म्हणून तिने नोटा मोजायला घेतल्या. आजोबांनी पावती घेतली, गठ्ठ्यात खोचली आणि निघाले. चिडलेले वगैरे नव्हते. वाण्याकडच्या यादीत आपण न मागवलेली वस्तू निघावी आणि ती काय आहे हेही कळू नये, तसा काहीसा चेहरा होता त्यांचा.

माझा नंबर आला तेव्हा मी पैसे भरले आणि नावबदलाचा अर्ज तसाच खिशात घेऊन परत आलो.

घरी येऊन माझं बिल उलगडलं. इतकी वर्षं भरतोय, पण ही ओळ कधी वाचली नव्हती. शहरातल्या घरांवर शिक्षणासाठी वेगळा कर लावायचा कायदा आपल्याकडे १९६२ पासून आहे. पुढे त्याच कायद्यात रोजगार हमीचाही उपकर आला, म्हणजे खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी आणि शाळेतल्या पोराचा फळा-खडू एकाच वहीत. मग कपाटातून फॉर्म सोळा काढला, पगारातून कापलेल्या प्राप्तिकराचा दाखला. तिथेही आहेच. २००४ साली प्राप्तिकरावर २ टक्के शिक्षण उपकर लागला, तीन वर्षांनी उच्च शिक्षणाच्या नावाने आणखी १ टक्का वाढला, आणि २०१८ पासून आरोग्याला सोबत घेऊन तो ४ टक्के झाला. मी नोकरीला लागल्यापासून कुणाची तरी फी भरतोच आहे. तशी आजोबांनी कुणाची भरली? हिशेबाने पाहिलं तर माझीसुद्धा. मला वाटलं, रांगेत पुढे होऊन सांगायला हवं होतं, आजोबा, त्यातली थोडी माझी. इंजिनिअर झालो, आणि आता घराची पट्टी भरायला आलोय.

पण चहा गार होईपर्यंत लक्षात आलं, की हे खरं नाही. इंजिनिअरिंगची माझी फी सरकारने भरली नव्हती.

ती दत्ताच्या वडिलांनी भरली होती.

१९९६ साल. पश्चिम महाराष्ट्रातलं एक विनाअनुदानित कॉलेज. वसंतदादांच्या सरकारने १९८३ साली अशा कॉलेजांना दार उघडून दिल्यानंतर माळरानांवर जी उगवली त्यातलंच एक. आम्ही गेलो तेव्हा वर्कशॉपच्या पत्र्याला रंग नव्हता, मुलींच्या हॉस्टेलचं काम चालू होतं आणि फाटकाशी संस्थापकांचा अर्धपुतळा मात्र पूर्ण होता. त्या काळी दोन शब्द प्रत्येक घरात ठाऊक होते : फ्री सीट आणि पेमेंट सीट. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालातून आलेली ती व्यवस्था होती. निम्म्या जागा गुणवत्तेवर, सरकारी कॉलेजइतक्या फीत. उरलेल्या निम्म्या जास्त फीच्या, गुणवत्ता यादीत त्यांच्या खालच्यांसाठी. फ्री म्हणजे अगदीच फुकट नव्हे. माझी वर्षाची फी चार हजारांच्या घरात होती, दत्ताची तीसच्या. आम्ही एका खोलीत राहायचो, एकच ड्राफ्टर आळीपाळीने वापरायचो, एकाच लेथवर एकाच सरांच्या शिव्या खायचो.

हॉस्टेलवर आम्हाला ‘फुकटे’ म्हणत आणि आम्ही त्यांना ‘पेमेंटवाले’. दोन्ही शिव्याच होत्या, पण आमची जास्त लागायची. पेमेंटवाला म्हणजे पैसे टाकून आलेला, डोक्याने जरा कमी, असा त्यात अर्थ असायचा. मी कधी दत्ताला तोंडावर म्हटलं नाही. पण गणिताच्या पेपरात तो अडला की मनात तो शब्द यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. बारावीला मला भौतिक-रसायन-गणितात एक्क्याण्णव टक्के होते. ते मिळवायला तीन विषयांचे तीन क्लास होते, अभ्यासाला वेगळी खोली होती, पहाटे उठवून दूध हातात देणारी आई होती. दत्ता सांगोल्याकडचा. त्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सला दिवाळीपर्यंत मास्तरच नव्हते. नंतर आले ते केमिस्ट्रीचे होते. त्यात त्याने ऐंशीच्या आसपास काढले होते. यातला हुशार कोण, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. प्रवेशाची यादी लागली होती ना भिंतीवर.

त्याचे वडील वर्षातून एकदाच यायचे, फी भरायला. पहिल्या वर्षीचं येणं मला अजून दिसतं. रात्रभराच्या एस्टीने सकाळी उतरलेले, धोतराचा सोगा खोचलेला, टोपीवर धूळ. खोलीत आले, खाटेवर न बसता भिंतीशी उकिडवे बसले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे सदऱ्याची बटणं सोडून आतल्या कोपरीच्या खिशातून दुधाची रिकामी, धुतलेली पिशवी बाहेर काढली. पिशवीत वर्तमानपत्राची घडी, घडीत डिमांड ड्राफ्ट. घामाने भिजू नये म्हणून एवढा बंदोबस्त. तो कागद त्यांनी दत्ताच्या हातात दिला नाही. दोन बोटांनी धरून उजेडाकडे केला, आकडा बघितला आणि परत पिशवीत घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी मास्तरांचं पोरगं न्हवं? लई बरं झालं. आमच्या ह्येला जरा सांगत जावा.” येताना त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती, दोघांसाठी सारखी, दोन वेगळ्या फडक्यांत बांधून. मी त्यांची चटणी खाल्ली. फीही खाल्ली, ते कळायला सहा वर्षं गेली.

विहिरीकडचं दोन एकर रान विकून तो ड्राफ्ट निघाला होता, हे दत्ताने तिसऱ्या वर्षाला सांगितलं. तेही सहज, मेसच्या रांगेत, ताट धुता धुता.

२००२ चा नोव्हेंबर. मी पुण्याला कंपनीच्या बसमध्ये पेपर वाचत होतो. ३१ ऑक्टोबरला टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने निकाल दिला होता, त्याच्यावर लेख होता. फ्री सीट-पेमेंट सीटची पद्धत त्या निकालाने मोडीत काढली. आणि त्यातलं एक कारण मी दोनदा वाचलं : या पद्धतीत खेड्यातला किंवा गरीब, दोनचार गुणांनी मागे पडलेला विद्यार्थी शहरातल्या सुस्थितीतल्या विद्यार्थ्याचा भार वाहतो. एवढं उघड गणित होतं. कॉलेजला सरकारचा पैसा नाही, मग चार हजारांत मला शिकवणं परवडत कसं होतं? माझे चार आणि दत्ताचे तीस, मिळून चौतीस; दोघांत वाटले तर सतरा-सतरा. म्हणजे वर्षाला १३ हजार, चार वर्षांचे ५२ हजार. यात संस्थाचालकांनी मधल्यामधे काय ठेवलं ते धरलेलं नाही. बस वाकडच्या पुलावर अडकली होती. मी पेपर घडी करून बॅगेत ठेवला आणि कुणी बघतंय का म्हणून उगाच इकडेतिकडे पाहिलं.

माझे वडील हे सगळं ऐकून म्हणाले असते, आमच्या वेळी असं नव्हतं. ते साताऱ्याला रयतच्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकले. सकाळी शेतात पाणी धरायचं, बांधकाम असलं तर पाट्या उचलायच्या, मग अंघोळ करून तास. शिवाय ईबीसी होती, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची फीसवलत. यशवंतरावांच्या काळात वर्षाला बाराशेच्या आत उत्पन्न असलेल्यांना फी माफ झाली आणि तलाठ्याच्या दाखल्याला अचानक किंमत आली. “मला ईबीसी लागली,” असं वडील म्हणायचे, एखाद्याला सरकारी नोकरी लागावी तसं. पण त्यांनासुद्धा फुकट शिकल्याचा संकोच होता, तो वेगळ्या वाटेने बाहेर यायचा. रयतच्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगची गोष्ट सांगताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या दाण्यागोट्यासाठी मंगळसूत्रही मोडलं, इथपर्यंत आले की ते थांबायचे आणि चष्मा पुसायचे. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो. आता कळतं, त्यांनी स्वतःची फी कुणी भरली याचं नाव शोधून ठेवलं होतं. सरकार म्हटलं की चेहरा दिसत नाही. त्यांना तो दिसलेला होता.

बाबासाहेबांची १९१३ सालची गोष्ट यातच बसते. सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, कोलंबिया विद्यापीठात शिकायला दिले. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची चाकरी करायचा करार. १९१७ ला ते बडोद्याला गेलेसुद्धा. पण त्या शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही. पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकलं, कचेरीतले शिपाई लांबून कागद फेकायचे. चाकरी काही दिवसांत संपली. आता बडोद्याच्या कुणब्यांच्या शेतसाऱ्यातून गेलेले ते पौंड वसूल झाले म्हणायचे की बुडाले? राज्याच्या दप्तरात बुडालेच असतील. आणि तो सारा भरणाऱ्याला कुणी विचारलं होतं? त्यालाही ही कुणाची फी म्हणून विचारायचा हक्क होताच की.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. मुलींना इंजिनिअरिंगची फी पूर्ण माफ, ही बातमी कुणीतरी टाकली होती. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ केली, त्याबद्दल. आमच्यातल्या एकाने लिहिलं, “टॅक्स आम्ही भरायचा आणि लाड यांचे.” त्याखाली सात अंगठे. लिहिणारा न्यू जर्सीत असतो, टॅक्स तिकडे भरतो, आणि तोही फ्री सीटवाला. दुसऱ्याने लिहिलं, शिकून पगार स्वतः घेणार तर फीही स्वतःच भरावी. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. डिग्रीने माझं आयुष्य बदललं, आजोबांचं नाही. मग त्यांच्या घरपट्टीत ती का यावी? पण याच ग्रुपवरच्या तिघांची मुलं जर्मनीत शिकतात, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही शिकवणीची फी नाही. बँकेत खर्चापुरते पैसे अडकवून दाखवायचे आणि सेमिस्टरची वर्गणी भरायची. तिथल्या कुणा नळदुरुस्तीवाल्याच्या करावर कोथरूडची पोरं मास्टर्स करताहेत, आणि त्याला कुणी लाड म्हणत नाही. तेव्हा ते ‘ॲडमिशन क्रॅक केली’ असतं.

दत्ता ग्रुपवर आहे. तो काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. गणपतीला फोटो आणि कुणी गेलं की हात जोडलेले, एवढंच.

आणि ‘आम्ही टॅक्स भरतो’ यातले आम्ही कोण, हाही गमतीचा भाग आहे. जणू फॉर्म सोळा नसलेला माणूस कर भरतच नाही. दत्ताच्या वडिलांनी इंजिनाला डिझेल घातलं, साबणाची वडी घेतली, बिडीबंडल घेतलं, एस्टीचं तिकीट काढलं; त्या प्रत्येकात सरकारचा हिस्सा होता. त्यांनी स्वतःच्या मुलाची पूर्ण फी भरली, माझी पाऊण भरली आणि वर करही भरला. या देशातला सगळ्यात मोठा करदाता मला तरी तोच दिसतो, कोपरीच्या खिशात दुधाची पिशवी असलेला.

मला विचाराल तर भांडण कुणी द्यायचं यावर होतं, कधी द्यायचं हे राहून जातं. वडिलांच्या लहानपणी गावात सुतार-लोहार वर्षभर कुळव, फाळ सांभाळायचे आणि त्यांचं मोल खळ्यावर मिळायचं, पीक घरात यायच्या आधी, रास समोर असताना. पेरणीच्या तोंडावर कुणी बलुतं मागत नसे. (बलुतेदारी चांगली होती असं म्हणायचं नाही, तिच्यात कुणाच्या वाट्याला काय यायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे.) आपण फी मात्र पेरणीलाच मागतो. पोरगं अठरा वर्षांचं, हातात काही नाही, पुढे काय पिकेल याचा पत्ता नाही, आणि त्याच आठवड्यात ड्राफ्ट आण म्हणतो. मग ज्याच्याकडे रोकड तो भरतो, ज्याच्याकडे रान तो रान विकतो आणि दोन्ही नसलेला बँकेत जामीनदार शोधत फिरतो. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून निराळी रीत आहे : शिकताना सरकार भरतं, कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की करासोबत थोडं थोडं कापून घेतं, नाही गेली तर थांबतं. खळ्यावरची वसुली. माझ्याकडून अशी वसुली झाली असती तर मी कुरकुर केली असती, पण रात्री नीट झोपलो असतो. अर्थात ज्या देशात मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर निघत नाहीत आणि तोवर कॉलेजं पोरांचे दाखले अडकवून ठेवतात, तिथे तीस वर्षं कुणाचा हिशेब कोण सांभाळणार, हा प्रश्न आहेच. माझी योजना चहाच्या टेबलापुरती बरी.

जुलैत दत्ताचा फोन आला. तो आता पंढरपूरला असतो, छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. मुलीला कॉम्प्युटर लागलं, कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेश फेरीतून, चांगल्या कॉलेजात. मागोमाग पावतीचा फोटो आला. शिकवणी फी : ०. त्याखाली विकास निधी, अनामत, हॉस्टेल, मेस, मिळून बऱ्यापैकी मोठा आकडा. त्या माफीत हे काही येत नाही. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, “बघ, आमच्याकडं पण फुकट सीट आली.” पुढे हसरा चेहरा. मी तो चेहरा बराच वेळ बघितला. तीस वर्षांत त्याने तो शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा वापरला होता, आणि स्वतःसाठी.

मी फोन लावला. अभिनंदन झालं, मुलीशी बोललो, ती मला काका म्हणाली आणि पायथॉन आधी शिकू की सी, असं विचारलं. दत्ता परत आल्यावर वडिलांची चौकशी केली. जाऊन सहा वर्षं झाली होती. मला कळवलं होतं, मी हात जोडलेले पाठवले होते, आणि विसरलो होतो. गावाकडे जातोस का म्हटलं, तर म्हणाला जातो की, दिवाळीला. रस्ता त्याच रानाजवळून जातो. आता तिथे डाळिंब आहे, ठिबकवर. “चांगलं ठिवलंय गड्यानं. बाग बघण्यासारखी हाय.”

मग मी जे म्हणायला फोन केला होता ते म्हणालो. हॉस्टेल-मेसचं यावर्षीचं मी बघू का?

पलीकडे ग्राइंडरचा आवाज चालू होता, तो कुणालातरी सांगून त्याने बंद करवला. “का रे?” दत्ताने विचारलं. त्यात राग नव्हता, संशयही नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. १३ गुणिले ४ माझ्या जिभेवर होतं. २००२ चा पेपर, दुधाची पिशवी, दोन फडकी, सगळं.

“काही नाही,” मी म्हटलं. “असंच.”

“येडा का काय,” तो म्हणाला आणि विचारलं, तुमच्याकडं पाऊस झाला का?